पडू नये म्हणून बांधलेली माणसे

वृद्धाश्रमात माणूस पडू नये यासाठी फार काळ एकच उपाय चालत होता: त्याला उठूच द्यायचे नाही. ब्रिटनमधल्या वर्कहाउसांच्या, म्हणजे निराधारांसाठीच्या जुन्या सरकारी आसऱ्यांच्या, आजारी वॉर्डांत म्हातारी माणसे वर्षानुवर्षे पलंगावर पडून असत. पलंगावरचा माणूस अडखळत नाही हे खरे. पण पायांतले बळ जाते, सांधे आखडतात, आणि मग कधी उठलाच तर तो हमखास पडतो.

1935 मध्ये लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारच्या अशाच एका आसऱ्यातले 714 रुग्ण आले. डॉ. मार्जरी वॉरन यांनी त्यांना एकेक करून तपासले, वर्गवारी लावली आणि जमेल त्याला पलंगावरून उठवले. कायमचे अंथरुणाला खिळलेले म्हणून सोडून दिलेले अनेक जण पुन्हा चालू लागले, काही तर घरी परतले. वृद्धवैद्यकाची सुरुवात ब्रिटनमध्ये इथून मानतात. 1947 मध्ये रिचर्ड ॲशर यांनी झोपून राहण्याच्या धोक्यांवरच एक खुसखुशीत लेख लिहिला. 1960 मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनच्या जे. एच. शेल्डन यांनी 202 माणसांच्या 500 पडण्यांचा हिशेब मांडला. ‘म्हातारपणी पडायचेच’ एवढ्यावर न थांबता पडण्याचे प्रकार आणि कारणे वेगळी काढणारा हा सुरुवातीच्या अभ्यासांपैकी एक.

अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये मात्र वेगळीच रीत रुजली. तिथे माणसाला खुर्चीत बसवून कमरेला पट्टा किंवा छातीवर बंद असलेले जाकीट घालत, आणि ते मागे बांधून टाकत. काही खुर्च्यांना पुढून अडकवायचा ट्रे असे. रात्री पलंगाचे कठडे वर चढत. हेतू काळजीचा होता आणि सोयीचाही. कमी माणसांत मोठा वॉर्ड सांभाळायचा तर बांधलेला म्हातारा सांभाळायला सोपा. शिवाय कुणी पडले तर नातेवाईक दावा लावतील, ही धास्ती. 1980 च्या दशकात तिथल्या सुमारे 40 टक्के रहिवाशांना असे बांधले जाई.

बांधलेला माणूस स्वस्थ बसत नाही, हे कुणी फारसे लक्षात घेतले नव्हते. तो पट्ट्याखालून सरकतो आणि तोच पट्टा छातीशी किंवा गळ्याशी आवळतो. कठडा ओलांडू पाहणारा अधिक उंचीवरून कोसळतो. यात माणसे दगावलीही. 1987 च्या संघीय कायद्याने शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बांधण्यास मनाई केली; 1990 पासून तो अमलात आला. पट्टे सोडले तर हाडे मोडतील, असे म्हणणारे बरेच होते. 1992 मध्ये मेरी टिनेटी आणि सहकाऱ्यांनी 12 नर्सिंग होममधल्या 397 रहिवाशांची पाहणी छापली: न बांधलेल्यांपैकी 5 टक्क्यांना पडून गंभीर इजा झाली, बांधलेल्यांपैकी 17 टक्क्यांना. बांधलेली माणसे मुळात जास्त अशक्त होती, हे धरूनही पट्ट्याने संरक्षण मिळते असे दिसले नाही. 2010 च्या सुमारास बांधण्याचे प्रमाण 5 टक्क्यांच्या आत आले.

मग पडणे थांबवायचे कसे? फ्रान्समधल्या, 1992 साली छापलेल्या एका चाचणीत तीन हजारांवर वृद्धाश्रमवासी स्त्रियांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व देऊन खुब्याचे अस्थिभंग घटवता आले. पुढच्याच वर्षी कोपनहेगनमधल्या, खुब्यावर बांधायच्या कवचाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. कवच मिळालेल्यांपैकी ज्यांचा खुबा मोडला, त्यांच्यातल्या एकाच्याही अंगावर त्या क्षणी ते नव्हते. वस्तू कपाटात असून उपयोग नाही; ती रोज चढवायला आयाबाईला वेळ हवा.

कॅनडातल्या दोन वृद्धाश्रमांत 2007 ते 2010 या काळात सामाईक जागांत कॅमेरे लावून 227 पडणी टिपली. घसरून पडणारे जेमतेम 3 टक्के निघाले. 41 टक्के पडणी उठता-बसता, वळता-चालताना भार चुकीचा टाकल्याने तोल जाऊन झाली होती. ओल्या फरशीला दोष देण्याची सवय त्यामुळे बरीच उघडी पडली.

इंग्लंडमध्ये 84 वृद्धाश्रमांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2021 मध्ये आले. तिथे कर्मचाऱ्यांना प्रत्येक रहिवाशाची औषधे, नजर, चपला, शौचाच्या वेळा तपासून उपाय ठरवायला शिकवले होते. चौथ्या ते सहाव्या महिन्यात पडण्याचे प्रमाण 43 टक्क्यांनी कमी भरले आणि रहिवाशांचे हिंडणे-फिरणे घटले नाही.