हरकतीचा हक्क

खापरखेड्याच्या माणसाला वीज कोठून येते हे सांगावे लागत नाही. त्याला धुराडी दिसतात आणि अंगणात राख पडते. परंतु ही वीज कोणत्या तारेने जावी व तिचा दर काय असावा, हे ठरते कोठे? कामगार चळवळीत आयुष्य घालवूनही मी हा प्रश्न फार उशिरा विचारला.

उत्तर जुन्या कायद्यांत सापडले. 1910 चा वीज कायदा परक्या सरकारचा. तरीही त्यात लिहिले होते की, आलेल्या हरकतींचा विचार झाल्यावाचून वीजपुरवठ्याचा परवाना देऊ नये. 1948 च्या कायद्याने वीज मंडळांना बजावले की, मोठी योजना राजपत्रात व वृत्तपत्रांत छापावी आणि निवेदनांसाठी निदान दोन महिने द्यावेत. म्हणजे हक्क होता. पण राजपत्र वाचतो कोण? 1950 च्या दशकात खापरखेड्याचे पहिले वीजकेंद्र चालू झाले, 1960 साली महाराष्ट्राचे मंडळ आले, आणि हा हक्क कपाटातच राहिला.

कपाट उघडायला दाभोळ प्रकरण घडावे लागले. 1993 साली एन्रॉनशी वीजखरेदीचा करार लोकांपुढे न मांडता झाला. 1995 साली प्रकल्प रद्द झाला, 1996 साली नव्या अटींवर परत आला आणि 2001 साली बंद पडला. पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्थांनी त्यातील आकडे सामान्यांना समजतील असे मांडले. दरम्यान 1999 साली राज्य वीज नियामक आयोग स्थापन झाला, आणि 2003 च्या कायद्याने दराच्या अर्जावर लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेणे बंधनकारक केले.

अशा एका सुनावणीला मी झेंडा आणि घोषणा घेऊन गेलो होतो. माझी पाळी आली तेव्हा मी गर्जलो, पण अर्जाचे एकही पान मी वाचले नव्हते. माझ्यामागून एक वृद्ध गृहस्थ उठले. त्यांनी पान क्रमांक सांगून एक बेरीज चुकल्याचे दाखवले. अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतले. माझे काहीच लिहिले नाही.

आता छपरावरच्या विजेचे पाहा. 2015 च्या नियमांत एका रोहित्रावर, म्हणजे आपल्या डीपीवर, तिच्या क्षमतेच्या 40 टक्क्यांपर्यंतच सौर जोडण्या देता येत. शंभराच्या डीपीवर तीन किलोवॅटची जेमतेम 13 घरे. 2019 च्या नियमांत ही मर्यादा 70 टक्के झाली. तीच घरे 23 झाली. त्याच वर्षीच्या मसुद्यात महिना 300 युनिटांपुढे ‘जितकी दिली तितकी वजा’ ही पद्धत बंद करण्याचा विचार होता. हरकतींचा पाऊस पडला आणि अंतिम नियमांत ती पद्धत टिकली. ज्यांनी लिहिले, त्यांचे म्हणणे मोजले गेले.

आमचे कामगार विचारतात, छपरे वीज करू लागली तर आमच्या चुलीचे काय? भीती खोटी नाही. आपले केंद्र 1340 मेगावॅटचे आहे. दुपारी सौर वीज वाढली की संच खाली आणायचा आणि दिवेलागणीला परत चढवायचा. या चढउताराने बॉयलरच्या नळ्या थकतात, दुरुस्ती वाढते आणि तिचा खर्च अखेर दरातच येतो. हे संच चालवणाऱ्याइतके कोणाला ठाऊक आहे? कंत्राटी कामगारालाही ठाऊक आहे. परंतु ग्राहक छपराच्या बाजूने लिहितो, कंपनी आपल्या हिशेबाने लिहिते आणि कामगार फाटकाबाहेर घोषणा देतो. मग जाळ्याच्या आराखड्यात त्याच्या नोकरीचा, नव्या कामाच्या शिक्षणाचा रकाना येणार कोठून?

म्हणून माझे मागणे लहान आहे. पुढचा मसुदा निघेल तेव्हा तो आपल्या फाटकसभेत मोठ्याने वाचला जावा, आणि शेजारच्या वस्तीतील छपरावर पत्रे लावणाऱ्या ग्राहकालाही तेथे बोलवावे. दोघांचे भांडण झाले तर होऊ द्या. पण हरकत मुदतीत जाऊ द्या. घोषणा मी आजही देतो. मात्र आता खिशात पान क्रमांक असतो.