चिक चॉकलेट यांचे ट्रम्पेट

नाशिकच्या रामकुंडावरून पुढे गेलेली गोदावरी अहिल्यानगर जिल्ह्यातील पुणतांब्याला पोहोचते. या पुणतांब्यात १९१८ साली रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच संगीतकार सी. रामचंद्र, यांचा जन्म झाला. मराठी रसिकांना त्यांची ओळख करून देण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटातील नृत्यगीतांचा विषय निघाला की आणखी एका कलावंताचे स्मरण व्हावयास हवे, आणि ते क्वचितच होते. तो कलावंत म्हणजे चिक चॉकलेट.

त्यांचे मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६ चा, बार्देशातील हळदोणे गावचा. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि वाद्यवादन शिकवले जाई. या शिदोरीवर अनेक गोवेकर वादक मुंबईत आले. चिक यांच्यासमोर आदर्श होता तो लुई आर्मस्ट्राँगचा. मुंबईचे जॅझप्रेमी त्यांना ‘मुंबईचा आर्मस्ट्राँग’ म्हणू लागले. ताजमहाल हॉटेलात त्यांचा वाद्यवृंद वाजत असे.

सी. रामचंद्र हे विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेले. त्यांची घडण हिंदुस्थानी संगीताची. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, बोंगो यांचा जो ठेका त्यांच्या गीतांत खेळतो, तो चिक यांच्यासारख्या सहकाऱ्यांच्या संगतीतून आला. चाल संगीतकाराची, हे निर्विवाद. परंतु ‘दीवाना ये परवाना’ हे गीत आठवताना शब्दांबरोबर ट्रम्पेटही कानात वाजू लागते. या गीतात चिक आपल्या साथीदारांसह पडद्यावर दिसतातही. चेहरा लाखोंनी पाहिला, नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक झाले.

असे का व्हावे? आपल्या मैफलीत तबलजी आणि पेटीवादक यांची नावे आदराने सांगण्याची रीत आहे. जॅझमध्ये तर वादक हाच निर्माता; तीच धून दुसऱ्याने वाजवली की दुसरी होते. चित्रपटगीताने या दोन्ही परंपरांकडून भरभरून घेतले, पण त्यांची ही रीत घेतली नाही. तबकडीवर गायकाचे, चित्रपटाचे, संगीतकाराचे नाव छापले जाई; वादकांना तेथे सहसा जागा नसे. तीनेक मिनिटांच्या गीतात कडव्यांमधला जो अवकाश मिळे, तेवढ्यातच त्यांना आपली प्रतिभा प्रकट करावी लागे.

‘नादान’ (१९५१) या चित्रपटाला चिक यांनी स्वतंत्रपणे संगीत दिले. १९६७ मध्ये, वयाच्या पन्नाशीच्या आसपास, ते गेले.

मराठी संगीतसमीक्षेने चालीचा आणि शब्दांचा विचार मनापासून केला; वाद्यवृंदाचा विचार करणे अद्याप बाकी आहे. तो करताना सी. रामचंद्रांचे मोठेपण उणे होणार नाही. पुणतांब्याचा संगीतकार आणि हळदोण्याचा ट्रम्पेटवादक एकमेकांचे ऐकत होते, म्हणून ते संगीत घडले. आपणही दोघांना एकत्र ऐकावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.