सुताराची उचकी

पाळीव प्राणी म्हटले की कुत्रा-मांजर आणि मासा म्हटला की रावस-बांगडा ज्याच्या मनापुढे उभा राहतो, त्याच्याच मनात ‘पाळीव मासा’ हे शब्द उच्चारताच काचेच्या पेटीतला बोटभर गप्पी का यावा, असा पेच डॅनियल ऑशरसन आणि एडवर्ड स्मिथ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली मांडला. आणि जोडकल्पनांचे ठरावीक गुण माणूस कसे ठरवितो याचा विचार करणारे शास्त्र तेव्हापासून या माशालाच आपला मूळपुरुष मानीत आले आहे. ही वंशावळ मला मान्य नाही. त्या शास्त्राचा मूळपुरुष मासा नसून सुतार आहे, आणि तो इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात, पतंजलीच्या महाभाष्यात, राजाच्या चाकरीत रुजू झालेला सापडतो.

मधले टप्पे सर्वश्रुत आहेत. लॉट्फी झादे यांनी १९६५ साली धूसर संचांची कल्पना मांडली. पुढच्या दशकात एलिनॉर रॉश यांनी प्रत्येक वर्गाला एक आदर्श नमुना असतो आणि त्याच्या जवळ-दूर असण्यावर सभासदांचा मान ठरतो, हे दाखविले. झादे यांच्या नियमाप्रमाणे जोडवर्गातील मान हा दोन घटकवर्गांतील मानांपैकी जो कमी तेवढाच असावयास हवा. गप्पीने, म्हणजे हिवतापाच्या बंदोबस्तासाठी आपल्याकडे विहिरी-हौदांत सोडतात त्याच जीवाने, हा हिशेब मोडला. कारण पाळीव प्राण्यांत आणि माशांत दुय्यम असूनही जोडवर्गात तो अग्रपूजेचा मानकरी ठरतो.

आता पाणिनीच्या दुसऱ्या अध्यायातील पहिल्या सूत्रावरचे भाष्य उघडावे. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांचे मराठी भाषांतर हाताशी असल्यावर संस्कृताचा धाक बाळगण्याचे कारण नाही. ‘राजपुरुष’ या समासात ‘राजा’ हे पद आपला अर्थ टाकते की राखते, असा तेथे वाद आहे. टाकते म्हणावे, तर ‘राजपुरुषाला आण’ अशी आज्ञा होताच चाकराने वाटेवरचा कोणीही पुरुष आणून उभा केला तरी त्याला बोल लावता येणार नाही. राखते म्हणावे, तर दोन अर्थ शाबूत असताना द्विवचन का होऊ नये, ही हरकत येते. या खटल्यात पतंजली जे दाखले हजर करतो ते व्याकरणाच्या ग्रंथात शोभण्यापेक्षा बाजारपेठेत शोभावेत असे आहेत. राजाच्या कामावर लागलेला सुतार आपले सुतारकाम सोडतो, पण उचक्या देणे आणि अंग खाजविणे सोडीत नाही. म्हणजे परक्या कामाच्या आड येईल तेवढाच स्वार्थ टाकला जातो, बाकीचा अंगाला चिकटून राहतो. मोगऱ्याचा पुडा फुले काढून रिकामा केला, तरी त्याला मोगऱ्याचाच पुडा म्हणतात. आणि प्रतिपक्षाच्या बाजूने येतो तो भिक्षेकरी, जो दुसरी भिक्षा मिळाली म्हणून पहिली फेकून देत नाही, साठा करतो.

जेम्स हॅम्प्टन यांनी १९८७ साली जोडकल्पनेत गुणांचा वारसा कसा उतरतो याची जी व्यवस्था सांगितली, ती वाचताना मला ही दोन्ही माणसे एकाच ओसरीवर बसलेली दिसली. दोन्ही घटकांचे गुण प्रथम एकत्र जमवावयाचे, ही भिक्षेकऱ्याची रीत. मग जे एकमेकांशी विसंगत असतील ते गाळावयाचे, ही सुताराची. पाळीव प्राण्याची ऊब आणि मांडीवर बसणे गळते, माशाचा खोल समुद्र गळतो, आणि कल्ले मात्र राहतात. ते उचकीच्या खात्यातले.

व्याकरणाचा जाणकार येथे दोन आक्षेप घेईल. पतंजलीच्या सुताराचे काम गौण पदाकडे आहे, आणि माशाच्या पेचात गुण गमावतो तो मुख्य शब्दही. शिवाय भाष्यकार शब्दाचा अर्थ तपासतो, वस्तूचे ठरावीक गुण नव्हेत. पहिला आक्षेप मी निमूटपणे कबूल करतो. दुसरा मात्र माझ्याच पथ्यावर पडणारा आहे, कारण उचकी ही सुताराच्या कोणत्याही व्याख्येत बसत नाही. आणि केवळ शब्दार्थ तपासणाऱ्या माणसाने नेमकी व्याख्येबाहेरची गोष्ट पुढे करावी, याचा अर्थ त्याच्या नजरेपुढे पद नसून हाडामांसाचा कारागीर होता, असाच मी लावतो.

पण असे गुणही आहेत, की जे भिक्षेकऱ्याच्या झोळीत नाहीत आणि सुताराच्या अंगीही नाहीत. वाड्याच्या ओटीवर टांगलेल्या पिंजऱ्यात भिजल्या डाळीच्या वाटीशेजारी हिरवी मिरची सोलीत ‘विठू विठू’ करणारा राघू घ्या: बोलणे आणि पिंजरा हे दोन्ही गुण पक्ष्यांच्या नमुन्यात नाहीत, पाळीव जनावरांच्याही नाहीत, पाळीव पक्ष्यात मात्र हॅम्प्टन यांना ते आढळले. आणि १९९० साली झीवा कुंडा, डेल मिलर व थेरेसा क्लेअर यांनी अशाच नवजात गुणांचा शोध घेताना उदाहरण कोणाचे घ्यावे? हार्वर्डमध्ये शिकलेल्या सुताराचे! हार्वर्डच्या पदवीधराला कोणी पैशाविषयी उदासीन मानीत नाही, सुतारालाही नाही; दोघे एकत्र आले की लोकांना तो निःस्पृह आणि चाकोरीबाहेरचा वाटू लागतो. ही उसनवारी नव्हे, हे मीही जाणतो. परंतु ज्याचा धंदा पाहताक्षणी कळतो आणि ज्याला दुसऱ्या भूमिकेत उभे केले की फरक चटकन नजरेत भरतो, असा मनुष्य शोधू लागल्यास दोन हजार वर्षांच्या अंतरानेही हात सुतारावरच पडतो, असा माझा तर्क आहे. अशा नवजात गुणांची तरतूदही आपल्या वैयाकरणांच्या घराण्यात झालेली होती. भट्टोजी दीक्षितांचा पुतण्या कौंडभट्ट याने सतराव्या शतकात नैयायिकांविरुद्ध हिरिरीने प्रतिपादिले, की समासाला अवयवांहून वेगळी स्वतःची शक्ती असते. चिखलात उपजणारे पुष्कळ असताना ‘पंकज’ म्हणजे कमळच, तसे.

माझ्या सुताराला खरा धोका पोहोचतो तो २००७ सालच्या एका प्रयोगाने. अँड्र्यू कॉनॉली, जेरी फोडर आणि ग्लाइटमन दांपत्य यांनी लोकांना विचारले, की बदकांच्या पायांना पडदे असतात हे कितपत खरे. मग बदकांच्या पिल्लांविषयी, आणि मग पेरू देशातील बदकांच्या पिल्लांविषयी तेच विचारले. पडद्याच्या आड येणारे काहीही त्या विशेषणांत नव्हते, तरी दर पायरीला लोकांचा भरवसा उतरत गेला. म्हणजे सुतार राजवाड्यात गेल्यावर उचकी देईलच, याची हमी घ्यावयास लोक तयार नाहीत. फोडर पक्षाने यावरून नमुन्याच्या उपपत्तीवर जप्तीच आणली. मला ती घाई वाटते. विशेषण सार्थ ठरण्यास ते लागू पडण्याचा संभव हवा आणि न लागू पडणारेही काही हवे, हा मीमांसकांचा जुना दंडक आहे. तो नकळत पाळणारा श्रोता असे समजतो, की विचारणाऱ्याने पेरूचे नाव उगाच काढलेले नाही, तेथल्या बदकांत काही तरी निराळे असणार. सर्व सोफ्यांना पाठ असते हे मान्य करून, हाताने घडविलेल्या गैरसोयीच्या सोफ्यांविषयी मात्र लोक कचरतात, हे मार्टिन यन्सन व हॅम्प्टन यांनी २००६ सालीच दाखविले होते. तर्कशास्त्राच्या दरबारात लोकांची ही कैफियत टिकणार नाही, पण या दंडकाने तिचा पुष्कळसा उलगडा होतो, आणि सुताराची जागा त्यामुळे खाली होत नाही.