वैनगंगेवरची तार

जुन्या भंडारा जिल्ह्याच्या हवाई इतिहासाची सुरुवात बिरसीपासून करावी लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये, इंग्रजांनी तिथे धावपट्टी बांधली. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि बिरसी तिकडे गेले. पुढे तिथे वैमानिक घडू लागले.

२६ एप्रिल २०१७ रोजी सकाळी बिरसीहून उडालेले सरावाचे छोटे विमान वैनगंगेवर आडव्या ताणलेल्या तारेला धडकून पात्रात कोसळले. नदीच्या पाण्याची मोजणी करण्यासाठी ती तार होती. प्रशिक्षक आणि शिकाऊ वैमानिक, दोघेही गेले.

‘वैमानिकाची चूक’ म्हणून आपण मोकळे होतो. चूक होतीच. उडताना-उतरताना सोडून, मोकळ्या भागावरही किमान १५० मीटर उंची राखावी, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पण वरून खांब दिसतो, तार दिसत नाही. म्हणूनच अशा तारांवर रंगीत गोळे लावतात. अपघाताची चौकशीही दोष देण्यासाठी नसते, पुढचा अपघात टाळण्यासाठी असते. म्हणून माझ्या टिपणवहीत ‘चूक कोणाची?’ या प्रश्नाखाली मी दुसरा प्रश्न लिहून ठेवला आहे: आमच्या वैनगंगेवरच्या किती तारा वरून दिसतात?