पुन्हा एकदा परीक्षेला

२३ नोव्हेंबर २००३ हा रविवार ख्रिस्तराजाच्या सणाचा होता. देशभरातील एक लाखाहून अधिक पदवीधर त्या दिवशी एकाच परीक्षेला बसले. आपल्या धर्मग्रामांतून या वाटेला जाणारी मुले तेव्हा फार थोडी होती. जी होती, ती आदल्या संध्याकाळीच रविवारचे कर्तव्य उरकून किंवा पहाटेची मिस्सा अर्धवट मनाने ऐकून केंद्राकडे निघाली असतील. परीक्षेचे नाव कॉमन अ‍ॅडमिशन टेस्ट, बोलीभाषेत ‘कॅट’. अहमदाबाद, कोलकाता, बंगळूर, लखनौ, इंदूर आणि कोळिकोड येथील सहा भारतीय व्यवस्थापन संस्थांचे दार या एका चाचणीने उघडे किंवा बंद होई. त्या सहाही ठिकाणच्या जागा मिळून फार तर दीड हजार.

घरी परतून मुलांनी पेन खाली ठेवले असेल-नसेल, तोच बातमी आली. प्रश्नपत्रिका फुटली होती. केंद्रीय अन्वेषण विभागाने दिल्लीत काही जणांना पकडले होते आणि परीक्षेपूर्वीच तिची विक्री झाल्याचे उघडकीस आले होते. परीक्षा रद्द झाली. फेरपरीक्षेची तारीख ठरली १५ फेब्रुवारी २००४, तोही रविवारच.

या बारा आठवड्यांचा इतिहास कोणी सविस्तर लिहिलेला आमच्या पाहण्यात नाही. पोलिसी कारवाईची बातमी झाली, संस्थांच्या अब्रूची चर्चा झाली. पण ज्या लाखभर मुलांनी वर्षभर मन ताणून धरले होते आणि त्या रविवारी दुपारी ते सैल सोडले होते, त्यांचे काय झाले? पेपर चांगला गेलेल्याला तोच पराक्रम पुन्हा करून दाखवायचा होता. वाईट गेलेल्याला मात्र अनपेक्षितपणे दुसरी संधी मिळाली होती. तिचा आनंद उघडपणे व्यक्त करण्याची सोय नव्हती. मध्ये नाताळ आला. इतर मुले गोठे बांधीत, कॅरलच्या तालमी करीत असताना ही मुले त्याच त्या शब्दांच्या याद्या आणि तीच ती कोष्टके पुन्हा उघडून बसली. त्यातच फेब्रुवारीच्या आरंभी तत्कालीन मनुष्यबळ विकासमंत्री डॉ. मुरली मनोहर जोशी यांच्या खात्याने या संस्थांचे वार्षिक शुल्क सुमारे दीड लाखावरून ३० हजारांवर आणण्याचा आदेश काढला. संस्थांची स्वायत्तता की सामान्यांचा प्रवेश, असा वाद वर्तमानपत्रांतून पेटला. त्याच वर्षी केंद्रात सरकार बदलले आणि तो आदेश मागे घेण्यात आला. दरम्यान मुलांनी मात्र वाद बाजूला ठेवून फेरपरीक्षा देऊन टाकली होती.

या प्रसंगाकडे आम्ही मुद्दाम वाचकांचे लक्ष वेधतो, याला कारण आहे. येथे नापास झाली होती ती परीक्षा, परीक्षार्थी नव्हे. आणि तिने पुन्हा बसण्यात कमीपणा मानला नाही. एरवी आपल्या घरांत ‘पुन्हा परीक्षेला बसतो’ हे वाक्य किती दबक्या आवाजात उच्चारले जाते! मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात कोणी विचारतो, “काय रे, कुठे लागलास?” आणि मुलाच्या आधी आईच उत्तर देते, “करतोय काहीतरी.” बँकेत, विमा कंपनीत, शाळेत किंवा आखातात नोकरी धरणारा समाज आपला. ‘पदरी पडले आणि पवित्र झाले’ हे आपण चटकन शिकलो. हाती आलेली नोकरी सोडून, किंवा ती सांभाळून, एका परीक्षेसाठी वर्ष घालवणे हे आपल्या हिशेबात बसत नाही. वडिलांची निवृत्ती जवळ आलेली असते, मोठ्या बहिणीचे लग्न ठरायचे असते. त्या हिशेबात वर्ष ‘वाया’च जाते. हा हिशेब चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. तो कोठून आला, एवढेच पाहू.

व्यवस्थापन शिक्षणाच्या प्रवेश परीक्षेची कल्पना मूळची अमेरिकेची. काही निवडक विद्यापीठांच्या व्यवस्थापन शाळांनी एकत्र येऊन १९५४ साली अशी पहिली सामायिक परीक्षा घेतली. १९७६ साली तिला ‘जीमॅट’ हे आजचे नाव मिळाले. १९९७ पासून ती संगणकावर आली आणि तिच्या रचनेतच एक मोठा फरक पडला. उमेदवाराच्या उत्तरानुसार संगणक प्रश्नांच्या साठ्यातून पुढचा प्रश्न काढतो. सर्वांची प्रश्नपत्रिका एक नसल्याने सर्वांनी एकाच दिवशी बसण्याची गरज उरली नाही. आज तेथे १६ दिवसांच्या अंतराने पुन्हा बसता येते, बारा महिन्यांत पाच वेळा बसता येते आणि मिळालेले गुण पाच वर्षे ग्राह्य धरले जातात. तिकडे दुसरा प्रयत्न म्हणजे दोन-अडीच आठवड्यांची गोष्ट.

आपल्याकडची परीक्षा वर्षातून एकदाच. तिचे गुण त्या वर्षीच्या प्रवेशापुरतेच. शिवाय ‘पर्सेंटाइल’ नावाचे माप आपण किती गुण मिळवले हे सांगत नाही. आपल्या मागे शेकडा किती जण राहिले, हे सांगते. पालकांचा येथेच घोटाळा होतो. मुलाला ९० मिळाले म्हणून पेढे आणावेत, तर तो उदास बसलेला. २०२४ साली कॅटला सुमारे २ लाख ९३ हजार उमेदवार बसले. त्यात ९० पर्सेंटाइल मिळवणाऱ्याच्या पुढे २९ हजारांहून अधिक जण असतात. ९९ मिळवणाऱ्याच्याही पुढे जवळजवळ तीन हजार. शाळेतल्या शेकडा नव्वदाशी या नव्वदाचे काहीच नाते नाही. वयाची अट नाही, प्रयत्नांची मर्यादा नाही. पण प्रत्येक प्रयत्नाची किंमत मात्र पुरे एक वर्ष. आपल्या हिशेबातील ते ‘वाया गेलेले वर्ष’ असे या परीक्षेच्या घडणीतूनच आले आहे. त्यात मुलाच्या बुद्धीचा दोष शोधणे अन्यायाचे होईल.

आता त्या वर्षात नेमके होते काय? पुन्हा बसलेल्यांशी आम्ही बोललो, तेव्हा एक गोष्ट वारंवार कानांवर आली. पहिल्या खेपेस ते सारे प्रश्न सोडवू पाहत होते. दुसऱ्या खेपेस ते सोडून द्यायला शिकले. चुकीच्या पर्यायाला गुण वजा होतात, म्हणून ज्या प्रश्नाशी दोन मिनिटे झुंजूनही वाट दिसत नाही तो तसाच टाकून पुढे जाणे ही मोठी विद्या ठरते. आमच्या शाळांनी हे कधी शिकवले नाही. आम्हांला तर सर्व प्रश्न आवश्यक असत! हुशार मुलाच्या अभिमानाला ही गोष्ट फार लागते. एका मुलीने आपली चुकांची वही आम्हांला दाखवली. प्रत्येक सराव परीक्षेनंतर तिने चुकलेला प्रश्न लिहून त्यापुढे कारण नोंदवले होते: घाई केली, आकडा चुकीचा उतरवला, प्रश्न पुरता वाचलाच नाही, येत होते, पण भ्याले. गणित येत नाही हे कारण त्या जाड वहीत फारच थोड्या ठिकाणी होते.

मराठी माध्यमातून आलेल्यांची अडचण निराळी. अंकगणितात ते मागे नसतात. अडते ते इंग्रजी उताऱ्यांशी. उतारा कधी तत्त्वज्ञानाचा, कधी चित्रकलेचा, कधी अर्थशास्त्राचा. त्यातले शब्द कळूनही लेखकाचा रोख हाती लागत नाही. प्रत्येक विभागात ठरावीक पातळी गाठावी लागत असल्याने गणितातील आघाडी येथे उसनी देता येत नाही. पूर्वी यावर उपाय म्हणून शब्दांच्या लांबलचक याद्या पाठ केल्या जात. त्या याद्यांनी फार थोड्यांचे भले केले. रोज तासभर, न आवडणाऱ्या विषयावरचेही, संथपणे वाचणे हाच टिकाऊ मार्ग. आणि तो तीन महिन्यांत कापता येत नाही. ज्याचे पहिले वर्ष हे समजण्यात गेले, त्याचे दुसरे वर्ष कामी आले.

या इतिहासात एक पान आपल्या घरचे आहे, म्हणून थोडे थांबतो. या सहा संस्थांपैकी कोलकाता व अहमदाबाद या पहिल्या दोन १९६१ साली निघाल्या. त्याच्या बारा वर्षे आधी, १९४९ साली, फादर क्विन एनराइट या येशूसंघीय धर्मगुरूंनी जमशेदपूरच्या पोलादनगरीत ‘झेवियर लेबर रिलेशन्स इन्स्टिट्यूट’ सुरू केली होती. नावातच मजूर होता. कामगार पुढारी आणि कारखान्याचे अधिकारी यांनी एकमेकांशी कसे वागावे, हा तिच्या स्थापनेमागचा प्रश्न. आज ‘एक्सएलआरआय’ म्हणताच डोळ्यांपुढे गलेलठ्ठ पगार येतात, हा काळाचा महिमा. तिची ‘झॅट’ ही स्वतंत्र परीक्षा जानेवारीच्या सुरुवातीला होते. नोव्हेंबरात कॅटमध्ये पाय घसरलेल्याला महिन्या-दीड महिन्यात ती पुन्हा उभे राहण्याची संधी देते. तिच्यात निर्णयक्षमतेचा एक विभाग असतो. मालक, कामगार, ग्राहक यांच्या कात्रीत सापडलेल्या माणसाने काय करावे, असे प्रश्न. तयारी करणारे सांगतात, याला पाठांतर चालत नाही. संस्थेच्या जुन्या नावाची आठवण प्रश्नपत्रिकेच्या त्या विभागात अजून शिल्लक आहे, असे आम्हांला वाटते.

फेरपरीक्षेची पाळी कॅटवर आणखी एकदा आली. २००९ साली ती कागदावरून संगणकावर नेण्यात आली. २८ नोव्हेंबरपासून दहा दिवस ती चालायची होती. पहिल्याच दिवशी अनेक केंद्रांवर संगणक बंद पडले. संगणकांना विषाणूंची बाधा झाल्याचे सांगण्यात आले. कोणाचा पडदा मध्येच काळा झाला, कोणाला प्रश्नच दिसेनात, कोणी तासन्‌तास ताटकळून परत गेले. हजारो उमेदवारांसाठी ३० व ३१ जानेवारी २०१० रोजी पुन्हा परीक्षा घ्यावी लागली. या वेळी सर्वांना नव्हे, तर ज्यांची अडचण संस्थांनी मान्य केली त्यांनाच. त्यामुळे २००४ पेक्षा हे दुःख अधिक बोचरे होते. तेव्हा सारे एका नावेत होते. आता एकाच बाकावरच्या दोघांपैकी एकाला पत्र आले, दुसऱ्याला नाही. निरनिराळ्या दिवशी निरनिराळे पेपर दिलेल्यांचे गुण एका पातळीवर आणण्याचे गणित संस्थांनी केले, पण ज्याचे बिनसले होते त्याला ते पटवून देणे कठीण होते. काही वर्षे अशीच गेली. २०१५ पासून परीक्षा पुन्हा एका दिवसावर आली.

१५ फेब्रुवारी २००४ च्या रविवारी जे दुसऱ्यांदा बसले, त्यांतले निवडक त्या वर्षीच्या जून-जुलैत वसतिगृहांत दाखल झाले आणि २००६ साली बाहेर पडले. या संस्था तेव्हा पदवी नव्हे, पदविका देत. पदवी देण्याचा अधिकार त्यांना २०१७ च्या कायद्याने मिळाला. त्या पदविकेच्या कागदावर नाव आहे, वर्ष आहे, संस्थेची मुद्रा आहे. कोणता पेपर कितव्या वेळी दिला, याची नोंद त्यावर कोठेही नाही.