तापलेले इंजिन आणि झाकण उघडण्याची जुनी सवय

#थ्रेड

१८८८ चा ऑगस्ट. बेर्था बेन्झ आपल्या दोन मुलांना घेऊन, पती कार्ल बेन्झ यांना न सांगता, त्यांच्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरहून थोडे अधिक. इंधनाची तुंबलेली नळी त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावे लागले, ही गोष्ट मात्र एका वाक्यात आटोपली जाते. गाडी तापली की पाणी ओतायचे, या सवयीचा उगम तिथे आहे.

त्या गाडीला रेडिएटरच नव्हता. सिलिंडरभोवतीचे पाणी तापे, उकळे आणि वाफ होऊन निघून जाई. ही रीत अडाणी मुळीच नव्हती. एक लिटर पाणी उकळीपर्यंत नेण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या सहापटीहून अधिक उष्णता त्याची वाफ करण्यास लागते. दोष एवढाच, की पाणी संपते. वाफ दिसणे हा तेव्हा बिघाड नव्हता. इंजिन थंड होत असल्याची ती खूण होती.

तेच पाणी पुन्हा वापरायचे, तर ते वाऱ्यावर निववायला हवे. विल्हेल्म मायबाख यांनी १९०० च्या सुमारास मधमाशीच्या पोळ्यासारखा रेडिएटर घडवला: प्रत्येकी सहा मिलिमीटर रुंदीच्या आठ हजारांहून अधिक चौकोनी नळ्या, आणि मागे पंखा. ३५ अश्वशक्तीच्या पहिल्या मर्सिडीजवर तो बसला. आजच्या गाडीच्या नाकावरची जाळी त्याचीच वंशज होय.

१९०८ साली आलेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी'ने दुसरी वाट धरली. सुरुवातीच्या काही गाड्या वगळता तिला पाण्याचा पंपच नव्हता. गरम पाणी हलके होऊन वर चढे, निवलेले जड पाणी खाली उतरे, आणि त्यावरच सारे अभिसरण चाले. त्यात एक मेख होती. पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडाखाली गेली, की हे चक्र तुटे. पाणी थोडेसेच कमी, पण परिणाम संपूर्ण. त्यामुळे झाकण उघडून पाहणे हा चालकाचा नित्यनेम झाला, आणि त्या काळी तो योग्यच होता.

महाराष्ट्रात ही विद्या घाटांनी शिकवली. बोरघाटातला गाडीरस्ता गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० मध्ये, बैलगाड्यांसाठी व घोडागाड्यांसाठी खुला झाला. शतकाने त्याच चढणीवर मोटारी धापा टाकू लागल्या. इंजिनावर भार पुरेपूर, पण वेग कमी म्हणून जाळीतून जाणारा वारा अपुरा. पुढे अ‍ॅम्बॅसडर आणि फियाट आल्या, तरी बॉनेट उघडून कडेला उभ्या असलेल्या गाड्यांचे दृश्य टिकून राहिले. ओले फडके, पाण्याचा कॅन आणि धीर, एवढे साहित्य जवळ असले की काम भागे. त्या गाड्यांच्या रेडिएटरमधला दाब आजच्या मानाने अल्प असे.

बदल घडला तो झाकणात. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे स्प्रिंगचे, दाब धरून ठेवणारे झाकण रूढ होऊ लागले. आजच्या गाडीत हा दाब साधारणतः स्वयंपाकघरातल्या प्रेशर कुकरएवढा असतो, आणि त्याखाली साधे पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपासच उकळते. असे झाकण गरम असताना फिरवले, की दाब नाहीसा होऊन त्याच क्षणी पाण्याला उकळी फुटते. दर लिटरमागे तीसेक ग्रॅम पाण्याचीच वाफ होते. पण ती पन्नास लिटरांच्या घरात जाते आणि उरलेले कढत पाणी चेहऱ्यावर फेकते. वाफ कोंडलेल्या कुकरचे झाकण कोणी ओढत नाही. रेडिएटरचे मात्र ओढले जाते, कारण हात अजून जुन्या गाडीच्या वळणाचे आहेत.

म्हणून घरच्या तपासणीची पहिली पायरी म्हणजे थांबणे. इंजिन पूर्ण निवू द्यावे, वरची रबरी नळी दाबून मऊ लागते का पाहावे, मगच झाकणाला हात लावावा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतल्यास धातूला तडा जाऊ शकतो.

त्यानंतरचा प्रश्न असा: गाडी तापते कधी? सिग्नलवर तापून वेगात निवत असेल, तर संशय पंख्यावर. इंजिन आडवे बसवलेल्या गाड्यांत (भारतात १९८३ ची मारुती ८०० हे सर्वपरिचित उदाहरण) पंखा पट्ट्याऐवजी विजेवर आला आणि दोष फ्यूज, रिले किंवा सेन्सरमध्ये शोधावा लागू लागला. उलट महामार्गावर वेगात किंवा चढणीवरच तापत असेल, तर कूलंटची पातळी, गळती, चोंदलेला रेडिएटर, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट तपासावेत.

थर्मोस्टॅटची परीक्षा स्वयंपाकघरातच होते. तो दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात, तळाला न टेकता, टांगावा आणि पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास, बहुधा ८२ ते ८८, झडप उघडू लागली नाही तर तो बदलावा. 'काढूनच टाका' हा गॅरेजमधला सल्ला सर्रास ऐकू येतो, आणि तो वाईट आहे. थर्मोस्टॅटविना इंजिन थंडच धावते, झिजते आणि इंधन अधिक पिते. काही इंजिनांत तर हीच झडप रेडिएटरला वगळून जाणारी वाट बंद करते. ती काढली की पाणी आडवाटेने फिरत राहते आणि गाडी आणखीच तापते.

बोअरचे पाणी भरण्याची रीतही जुनीच. त्यातले क्षार नळ्यांत थर धरतात. ऊर्ध्वपातित पाण्यात तेवढेच कूलंट मिसळून भरणे फारसे महागात पडत नाही.

घरची दुरुस्ती मात्र एका जागी थांबते. ऑइल दुधाळ दिसते, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर सुटत राहतो, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात: ही हेड गॅस्केट गेल्याची लक्षणे. तशीच गाडी पाणी भरत दामटली, तर अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकते, आणि मग ते उतरवून त्याचे फेसिंग करून घ्यावे लागते.