न पाहिलेला गेंडा

शाळेत असताना आमच्या ड्रॉइंगच्या मास्तरांनी एकदा स्मरणचित्र म्हणून म्हैस काढायला सांगितली. म्हैस म्हणजे काय, आमच्या घरामागेच गोठा. तिचेच दूध पिऊन मी वाढलेला. मोठ्या ऐटीत पेस्टलची काळी कांडी उचलली आणि पाच मिनिटांत कागदावर म्हैस उभी केली. मास्तरांनी चष्मा कपाळावर ढकलला, चित्र दूर धरून पाहिले आणि म्हणाले, “अरे, हिचे कान कुठे आहेत?” मी शिंगांच्या वर, थेट टाळूवर काढलेले दोन टोकदार कान मोठ्या अभिमानाने दाखवले. “मांजराचे कान म्हशीला लावलेस की रे! घरी जा आणि तिलाच विचार.”

घरी जाऊन पाहतो तो कान शिंगांच्या खाली, चांगले आडवे पसरलेले! रोज डोळ्यांसमोर असलेली म्हैस मी कधी पाहिलीच नव्हती. पुढे चित्रकला हाताला फारशी लागली नाही. पण जनावरांची जुनी चित्रे धुंडाळण्याचा नाद मात्र लागला. त्या नादात मला कळले की माझ्यासारखीच चूक एका फार थोर माणसाच्या हातून झाली होती, आणि ती सुधारायला युरोपला सव्वादोनशे वर्षे लागली. त्या कथेचा आरंभ आपल्या दाराशीच, गोव्यात होतो.

गुजरातच्या दुसऱ्या मुजफ्फरशहाने १५१४ मध्ये पोर्तुगीजांना एक गेंडा नजर केला. पोर्तुगीजांना खरे तर दीवला किल्ला बांधायची परवानगी हवी होती. सुलतानाने ती दिली नाही, गेंडा तेवढा दिला! गोव्याच्या आल्बुकर्कने तो जानेवारी १५१५ मध्ये जहाजावर चढवून आपल्या राजाकडे, मॅन्युएलकडे, धाडला. २० मे १५१५ रोजी तो लिस्बनला उतरला. रोमन बादशहांच्या काळानंतर युरोपच्या भूमीवर गेंड्याचे पाऊल पडले नव्हते. साहजिकच सारे शहर लोटले. आपल्याच भाषेतले त्याचे नावही त्याच्याबरोबर गेले. तिकडचे लोक त्याला ‘गंडा’ म्हणू लागले. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्तीनेच पळ काढला.

या नवलाचे वर्णन करणारे एक पत्र आणि एक ओबडधोबड रेखाटन जर्मनीत न्यूरेंबर्गला पोचले, आणि ते आल्ब्रेख्त ड्यूररच्या हाती पडले. ड्यूरर म्हणजे साधा असामी नव्हे. १५०२ मध्ये त्याने काढलेला ससा पाहावा. कानावरचा केस न् केस मोजून घ्यावा. पण ससा त्याच्यासमोर होता, गेंडा नव्हता. पत्रात जे नव्हते ते त्याने कल्पनेने भरून काढले. कातडीच्या घड्यांच्या जागी त्याने चिलखताचे पत्रे बसवले, पत्र्यांच्या कडेला रिबिटांसारखे ठिपके दिले, पायांवर खवले काढले आणि खांद्यावर, पाठीच्या सुरुवातीला, पिळाचे एक इवलेसे जादा शिंग रोवून दिले. त्याचा लाकडी ठसा कोरला गेला आणि त्याच्या प्रती भराभर खपल्या.

आणि तो जिवंत गेंडा? राजाने तो पोपला भेट म्हणून पुन्हा जहाजावर चढवला. १५१६ च्या आरंभी इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात जहाज बुडाले. गेंडा तसा पाण्याला भिणारा प्राणी नव्हे. पण तो डेकवर साखळदंडांनी जखडलेला होता. तो तसाच बुडाला. खरा गेंडा समुद्राच्या तळाशी गेला आणि कागदावरचा खोटा गेंडा जगाच्या पुस्तकांत वावरू लागला. पंडितांनी तो आपल्या प्राणिग्रंथांत उतरवून घेतला. एकाने दुसऱ्याचे पाहून काढावे, दुसऱ्याने तिसऱ्याचे. पाठीवरचे शिंग काही हलेना.

ते हलले एका पोरक्या पिलामुळे. १७३८ मध्ये शिकाऱ्यांनी एका मादीला मारले आणि तिचे तान्हे पिलू बंगालमधल्या डच कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्याच्या घरी आले. ते घरातून कुत्र्यासारखे हिंडे. ते वाढू लागले तेव्हा दौवे माउट व्हान डर मेर नावाच्या डच कप्तानाने ते घेतले, आणि जुलै १७४१ मध्ये ते रॉटरडॅमला उतरवले. हीच क्लारा. पुढची सतरा वर्षे हा कप्तान तिला लाकडी गाडीत घालून गावोगाव दाखवत फिरला. बर्लिन झाले, व्हिएन्ना झाले, आणि १७४९ च्या आरंभी ती पॅरिसच्या सेंट जर्मेनच्या जत्रेत येऊन उभी राहिली.

तिथे तिला पाहायला आला झाँ-बातिस्त उद्री. वय साठीच्या पलीकडे, पंधराव्या लुईच्या शिकारींची आणि लाडक्या कुत्र्यांची चित्रे काढण्यात सारी हयात गेलेली. तेव्हा पॅरिसमध्ये पेस्टलचा बहर होता. रोझाल्बा कॅरिएरा ही व्हेनिसची बाई १७२० मध्ये येऊन गेल्यापासून बड्या लोकांना आपली मुखचित्रे पेस्टलमध्ये हवी असत. पण सरदार खुर्चीत तासभर बसून राहतो. गेंडा बसत नाही. तो मान वळवतो, बूड फिरवतो, गवतात तोंड खुपसतो.

अशा वेळी खडूच कामाला येतो. पेस्टल काय किंवा पेस्टलचा थोरला भाऊ काळा खडू काय, दोघे कोरडे. ब्रश भिजवायला नको, रंग कालवायला नको, वाळेपर्यंत थांबायला नको. जनावर हलण्याच्या आत हात चालतो. कांडी आडवी धरली की एका ओढीत पाठीचा सारा उतार कागदावर येतो. क्लाराचे उद्रीने केलेले रेखाटन आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. कागद निळा, त्यावर काळा खडू आणि उजेडापुरता पांढरा. निळा कागद स्वतःच मधली छटा होतो. चित्रकाराने अंधार काळ्याने सांगावा, उजेड पांढऱ्याने, आणि बाकीचे कागदावर सोपवावे. त्या तिघांत गेंड्याची कातडी बरोबर सापडली. ते चिलखत नव्हते. ती जाड, सुरकुतलेली, मानेखाली लोंबणारी जिवंत कातडी होती. आणि पाठीवर शिंग नव्हते.

पुढे उद्रीने तिचे तैलचित्र केले तेही जिवंत आकाराचे, तीन मीटर उंच आणि साडेचार मीटर रुंद. बुफाँच्या प्रसिद्ध प्राणिग्रंथातही हाच गेंडा गेला, आणि ड्यूररच्या गेंड्याची सद्दी संपली. ते तैलचित्र मात्र जर्मनीतल्या श्वेरिनच्या संग्रहात दीडएकशे वर्षे गुंडाळी होऊन पडले होते; डागडुजी होऊन २००७ मध्ये ते पुन्हा लोकांसमोर टांगले गेले.

क्लारा १४ एप्रिल १७५८ रोजी लंडनमध्ये मेली. वय वीसच्या आसपास. मायदेश तिने पुन्हा पाहिला नाही. तिच्यामुळे युरोप शहाणा झाला खरा, पण त्या शहाणपणाची किंमत कोणी मोजली, हे निळ्या कागदाकडे पाहताना विसरवत नाही. व्हेनिसच्या पिएत्रो लोंगीने १७५१ मध्ये तिला चितारले आहे. मुखवटे घातलेले हौशी लोक मागे बसले आहेत, आणि क्लारा त्यांच्याकडे पाठ न फिरवता, पण लक्षही न देता, मुकाट्याने गवत खात उभी आहे. तिचे शिंग तेव्हा गळून गेले होते. ते राखणदाराने हातात उंच धरले आहे!

ड्यूररला मी दोष देत नाही. ऐकीव गोष्टीवरून इतके चांगले खोटे दुसऱ्या कोणालाही काढता आले नसते. पण थोर हाताने काढलेले खोटे अधिक काळ टिकते, हेही त्याच गेंड्याने शिकवले. आज काझीरंगात, २०२२ च्या गणनेप्रमाणे, २,६१३ गेंडे आहेत. कोणी सुट्टीत तिकडे जाणार असेल तर कॅमेऱ्याबरोबर खिशात एक काळा खडू, एक पांढरा आणि निळा कागद न्यावा. चित्र बिघडले तरी हरकत नाही. पाहणे तरी होईल.

आणि तेवढ्या दूर जाणे जमणार नसेल, तर या पाडव्याला पोरांच्या हाती पेस्टलची पेटी द्यावी आणि त्यांना एखाद्या गोठ्याच्या दारात नेऊन बसवावे. म्हशीचे कान कुठे असतात, ते तिलाच विचारू द्यावे.